व्याह्यांचं निळं भांडं

आई, पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटल्याचा आवाज आज सकाळपासून माझ्या कानात आहे. टण्, टण्. एकदा पळीचा रस्सा झटकायला आणि एकदा आम्हाला कळायला, की झालं, आता पानावर या. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसलेलो असायचो. तू सोवळ्यात, म्हणून आत यायचं नाही. घरात घड्याळ एकच, तेही वडिलांच्या मनगटावर, म्हणून तू मला शाळेच्या पुस्तकातल्या कविता म्हणायला लावायचीस. "म्हण रे, दोन कविता झाल्या की भात उतरवते." घाई केली की आतून ओरडायचीस, "चालीवर म्हण, भात कच्चा राहील!" कवितेचं वेड मला तिथं लागलं. अजूनही एखादं कडवं ओठांवर आलं, की मला आधी शिजत्या तांदळाचा वास येतो. आणि तू कधी चव घ्यायची नाहीस. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला लावलं की ते उष्टं. मीठ तू वाफेवर नाक धरून ओळखायचीस आणि ते कधी चुकायचं नाही.

आज रविवार आहे, मी बर्मिंगहॅममधल्या माझ्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय, आणि ओव्हनमध्ये बीफ आणि बटाट्याचं कॅसरोल शिजतंय. हो, बीफ. वाचून तू पदर नाकाला लावला असशील. मी इतकी वर्षं या देशात काढली, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये जेवलो, पण ते कधी खाल्लं नाही. तुझ्या सुनेनं ती असेपर्यंत घरात येऊ दिलं नाही. काल मात्र मी दुकानात ते लाल तुकडे ट्रॉलीत ठेवले आणि वर कोथिंबिरीची जुडी अशी ठेवली, की कुणी ओळखीचं भेटलं तर दिसू नये. सगळं नातीसाठी. आणि खरं सांगायचं तर नातीसाठी नव्हे, व्याह्यांवर कुरघोडी करायला.

व्याही म्हणजे माझ्या इंग्रज सुनेचे वडील. जन्मभर या शहरात बस चालवली. मोठं हसणं, मोठे हात, आणि एक निळं जड लोखंडी भांडं. दर रविवारी मुलाच्या घरी जाऊन ते त्या भांड्यात हे कॅसरोल करतात. कांदा, गाजर, बीफ, बटाटे, पाणी, झाकण. कौशल्य म्हणावं असं त्यात काही नाही. पण ते नातीला स्टुलावर उभं करतात, डाव तिच्या हातात देतात, चव घ्यायला लावतात, आणि मीठ कमी का जास्त ते तिनं ठरवायचं. अकरा वर्षांची पोर, तिला राणीसारखं वाटतं. मी तिला चार वर्षांची असल्यापासून मांडीवर घेऊन मराठी कविता शिकवल्या, यमक म्हणजे काय ते टाळ्या वाजवून शिकवलं. मागच्या महिन्यात शाळेत तिनं पहिली कविता लिहिली. शिक्षिकेनं वर्गात वाचून दाखवली. मुलानं मला फोनवर पाठवली, मी चष्मा पुसून वाचायला घेतली, आणि नाव होतं, 'माझ्या ग्रँडॅडचं निळं भांडं'.

यमक उत्तम जुळलं होतं. ते मी शिकवलेलं. त्या रात्री मी जेवलो नाही.

मग कळलं की व्याह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, आठवडाभर वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. आई, जन्मभर मी लोकांच्या दुखण्यापाशी बसलो, आणि ते ऐकून मला आधी आनंद झाला. काळजी नंतर वाटली. मी लगेच मुलाला म्हटलं, या रविवारी सगळ्यांनी माझ्याकडे जेवायला या, कॅसरोल मी करतो. "बाबा, आर यू शुअर? तुम्ही तर ते खात पण नाही," तो म्हणाला. नातीनं मागून फोन ओढून घेतला. "आबा, इट्स सो ईझी! मी सांगते. सगळा टाकायचा आणि वेट करायचा. पण टेस्ट कोण करणार? तुम्ही तर व्हेज!"

"माझी आई चव न घेता करायची," मी ऐटीत म्हटलं.

"नो वे. मग सॉल्ट कसा कळणार?"

"नाकानं."

ती खूप हसली. मला ते हसणं व्याह्यांसारखं वाटलं.

भांडं ओव्हनमध्ये गेल्यावर दोन तास मोकळे होते, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. आणि लिहिता लिहिता माझा शाळेतला तो निबंध आठवला. 'माझा आवडता पदार्थ'. पाचवीत होतो. मी शेजारच्या काकूंच्या सोड्यांच्या खिचडीवर लिहिलं. आपल्या घरात मासळीचं नाव काढायचं नाही, आणि मी तिकडे चोरून जेवायचो. सरांनी तो निबंध स्नेहसंमेलनात मला सगळ्यांसमोर वाचायला लावला. तू पुढच्या सतरंजीवर बसली होतीस. मी वाचताना तुझ्याकडे पाहिलं, तू हसत होतीस, पण फक्त ओठांनी. शाळेच्या फाटकापाशी एवढंच म्हणालीस, "उद्यापासून तुझं पान तिकडेच मांडायला सांगते." मला वाटलं, बाटलो म्हणून रागावलीस. आठवड्यानं बटाट्याच्या रश्शाला एक वेगळाच वास आला. तू काकूंच्या दारात उभी राहून त्यांचं वाटण विचारून आली होतीस आणि मासळीशिवाय आपल्या बटाट्यात घातलं होतंस. मी तीन वाट्या रस्सा प्यायलो. तो रस्सा मी अजून करतो, पिवळाधमक, नात आली की तिच्यासाठी. "तुमचा भाजी पण छान आहे, आबा," असं ती म्हणते. तो 'पण' मला टोचतो.

इथवर लिहिलं आणि उठून ओव्हन उघडला. वाफेवर नाक धरलं. काही कळेना. बीफच्या वासाशी माझ्या नाकाची ओळखच नाही. मग ओट्यावरचं स्टॉक क्यूबचं, म्हणजे रश्शाला चव आणणाऱ्या तयार वड्यांचं, पाकीट हातात घेतलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. मीठ त्यातच होतं, भरपूर! मी दोन क्यूब टाकून वर तुझ्या हिशेबानं मीठही घातलं होतं. पाहुणे सहाला येणार. नातीचा पहिला घास, आणि तिचं तोंड वाकडं, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. आणि मग तूच आठवलीस. कुणाच्या घरी आमटी खारट झाली, की तू कणीक भिजवून गोळे सोडायला सांगायचीस, ते मीठ ओढून घेतात म्हणून. मी तसंच केलं. गाजरांच्या मध्ये आठ गोळे सोडले, झाकण लावलं, आणि अर्ध्या तासानं ते काढून टाकायला गेलो तर नातीचा मेसेज. 'फोटो पाठवा!' पाठवला. लगेच उत्तर आलं. 'ओएमजी आबा डंपलिंग्ज!! ग्रँडॅड कधीच डंपलिंग्ज नाही करत!!'

आई, इकडे कॅसरोलमध्ये पिठाचे असे गोळे मुद्दाम सोडतात, त्यांना डंपलिंग म्हणतात. मी एकटाच स्वयंपाकघरात नाचलो म्हण ना. गोळे काढले नाहीत.

पण मीठ ओढलं गेलं का, हे नाकाला कळत नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं. बराच वेळ चमचा धरून उभा राहिलो. मग चाखलं. नुसता रस्सा, चमच्याच्या टोकावर. थोडं खारट होतं, चालण्याइतपत. नैवेद्याचा प्रश्नच नव्हता, तरी तुझ्या फोटोकडे पाठ करून चाखलं. चांगलं लागलं. हे सांगायलाच बहुतेक मी परत लिहायला बसलो.

आता पळी काठावर दोनदा आपटली, तर बेल वाजली. अजून पाचही वाजलेले नाहीत. पडदा सारून पाहतोय. व्याही आहेत, एकटेच. आज विश्रांती घेतो, येत नाही, असं त्यांनीच कळवलं होतं. एका डोळ्यावर प्लास्टिकचं कवच, हातात बटाट्याची पिशवी आणि हळदीची छोटी बाटली, दारात गाडी नाही, म्हणजे या अवस्थेत बसनं आलेत. आता दारातल्या पत्रपेटीचं झाकण उचलून, वाकून इंग्रजीत हाक मारतायत. (वाकू नका म्हणून सांगितलंय ना, अहो!) "डॉक्टर, आहात का? ती पोर तुमच्या पिवळ्या बटाट्यांचंच गात असते हो. मी आपला गपचूप ऐकून घेतो. ती यायच्या आत मला शिकवता का?"

हसतायत, पण फक्त ओठांनी.

आई, हा कागद इथंच थांबवून ड्रॉवरमध्ये ठेवतो, तुला धाडायचा तरी कुठं. काकूंची खिचडी खरंच फार चांगली होती. पण भूक मला तुझ्या पळीच्या आवाजानंच लागायची, आणि ते त्या निबंधात लिहायचं मला सुचलं नाही. परत बेल वाजली. दार उघडतो.