खाजेच्या गोळीने झोपवलेल्या मुलीची फेरपरीक्षा घेणेबाबत

प्रति,
मा. समाजकल्याण अधिकारी साहेब,
लातूर.

अर्जदार : भामाबाई निवृत्ती भालेराव, रा. जळकोट, ता. उदगीर, जि. लातूर (पूर्वीचा उस्मानाबाद)

विषय : कु. पंचशीला हिचे वसतिगृहातून कमी केलेले नाव पुन्हा दाखल करणेबाबत.
संदर्भ : वसतिगृहाचे "मुलगी झोपाळू आहे" असे पत्र.

महोदय,

अर्जदार रोजगार हमीवर खडी फोडते. तिची मुलगी पंचशीला वसतिगृहात राहून सातवीत शिकत होती. यंदा टँकरचे पाणी पिण्यापुरतेच असल्याने मुलींची आंघोळ बंद होऊन सगळ्यांना खरूज झाली. डॉक्टरांनी मलम दिले नाही, चिठ्ठीवर लिहून दिले. मलम येईतोवर खाज दबावी म्हणून झोपताना अर्धी पिवळी गोळी सांगितली. दिवसा देऊ नका, पेंग येते, असेही अधीक्षिका उमाबाईंना बजावले.

जिल्हा नवीन असल्याने मलम मंजूर नाही, असे उमाबाईंचे म्हणणे. गोळ्या मात्र डबाभर होत्या. गोळी घेतलेली मुलगी खाजवत नाही, रडत नाही आणि पाणीही मागत नाही, हे त्यांना फार सोयीचे वाटले. त्यांनी दिवसाही गोळी सुरू केली.

पुढे उमाबाईंनी जीपवाल्या मलप्पाकरवी अर्जदारास निरोप धाडला, "पंचशीलाला गुण कमी आहेत, लक्ष द्या." साहेब, आमच्याकडे परीक्षेत पडतात ते मार्क, आणि गुण येतो तो औषधाचा. अर्जदाराने उलट निरोप दिला, "गुण न्हाई तर गोळी वाढवा बाई, पर लेकराची खाज थांबवा." उमाबाईंनी हा निरोप तेवढा तत्परतेने पाळला आणि सकाळ-दुपार दोन-दोन गोळ्या सुरू केल्या.

मुलगी गणिताच्या पेपरावर डोके ठेवून झोपली व नापास झाली. आता पत्रात लिहिले आहे की गोळी पालकाच्या सांगण्यावरून वाढवली, सबब वसतिगृह जबाबदार नाही. अर्जदार अडाणी आहे हे तिला कबूल आहे. पण डॉक्टरांचे बोलणे उमाबाईंनी ऐकले होते, अर्जदाराने नव्हे. नापास कोणाला करावे, हे साहेबांनी ठरवावे.

तरी मुलीला मलम द्यावे, गोळी न देता पेपर पुन्हा घ्यावा आणि तिची जागा दुसरीला देऊ नये. हे जमत नसल्यास साहेबांनी स्वतः सकाळ-दुपार दोन-दोन गोळ्या घेऊन एखाद्या फायलीवर सही करून दाखवावी. अर्जदार मग तक्रार करणार नाही.

मुलगी घरी अंग ओरबाडत, रडत गणिते सोडवते. ते अर्जदारास बघवत नाही. काल शेजारच्या नागुबाईने कळवळून पिवळी गोळी आणून दिली. अर्जदाराने ती मुलीला दिली नाही. पेपर कधी ठेवाल याचा नेम नाही, म्हणून तिला जागीच ठेवले आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
भामाबाई निवृत्ती भालेराव
(डाव्या अंगठ्याची निशाणी)

दि. ६ मे १९८६
सोबत : वसतिगृहाच्या पत्राची नक्कल.