भ्रामरीला कान झाकायचे असतात

३ जून, मंगळवार

बायकोला, दयाला, घेऊन योगवर्गाला गेलो. केडगावातच, शाळेच्या हॉलमध्ये, सकाळी सहाला. आमचा मुलगा जस्टिन गेल्याला चार महिने होत आले. तेव्हापासून तिचा श्वास मध्येच अडकतो. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं ठणठणीत आहेत. प्राणायाम करा." एकटी जाणार नाही म्हणाली, म्हणून मीही चटई घेतली.

शिकवणारी सुकन्या पंचविशीची, आवाज मात्र हेडबाईंचा! "काका, पोट आत. आत म्हणजे आत!" सगळे हसले. मीही हसलो — सवय आहे.

दयाला एक गोष्ट सांगितलेली नाही. इथंही लिहीत नाही.

४ जून

अंग दुखतंय. एवढंच.

७ जून, शनिवार

शवासन. सुकन्या सगळ्यांना म्हणाली, "नॅथनकाकांकडे बघा! पहिल्याच आठवड्यात असं कुणाला जमत नाही." मला त्यात वेगळं काही करावं लागत नाही. फेब्रुवारीपासून तेच चाललंय.

दुपारी श्रीगोंद्याहून जुनं गिऱ्हाईक सहादेवचा फोन. "शेठ, मोटार लई वरडतीया, पानी न्हाई." म्हटलं, फोन पंपाजवळ धर. दोन सेकंद ऐकलं. म्हटलं, हवा ओढतोय, पाइपच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह बघ. "तुमचा कान म्हंजी देवाची देनगी हाय!"

चौथीत शाळा सुटली. याच कानावर पंपदुरुस्तीचं वर्कशॉप उभं केलं. फोन ठेवला. चहा गार झाला होता, तसाच प्यायलो.

१० जून

आज भ्रामरी. अंगठ्यांनी कान झाकायचे, ओठ मिटून भुंग्यासारखा आवाज काढायचा. आमच्या चर्चच्या एंजेलाबाई घुटमळल्या — ओम म्हणायचा का? सुकन्या म्हणाली, "नुसतं गुणगुणा, मावशी. भुंग्याला कुठं जात-धर्म?" छान बोलली.

मी कान झाकल्यासारखं केलं. झाकले नाहीत.

१३ जून

दयाचा उच्छ्वास सातपर्यंत जातोय. आधी तिनावर तुटायचा. शेजारी बसून ऐकतो, मोजतो. रात्री सलग झोपलीही. आज दुसरी भाकरी मागून घेतली. मला आनंद व्हायला हवा होता. लिहून ठेवलं.

१६ जून, सोमवार

सुकन्या मागून आली आणि माझे अंगठे कानांवर नीट दाबले. "आता ऐका आतलं!"

आत तोच आवाज.

लिहूनच टाकतो. त्या रविवारी जस्टिन पुण्याला निघाला तेव्हा त्याच्या मोटारसायकलचं पुढचं चाक असंच गुणगुणत होतं. बेरिंग गेलं होतं. गिऱ्हाईक समोर होतं. मी ऐकलं — आणि मनात म्हटलं, पुढच्या रविवारी बदलू. सुप्याच्या पुढे तो पडला, मागून ट्रक. पोलिसांकडून गाडी आणली तेव्हा चाक फिरवून पाहिलं. जाम.

सगळे ट्रकवाल्याला शिव्या देतात. मीही देतो.

दयाला सांगितलं तर तिचा श्वास पुन्हा अडकेल. नाही सांगितलं तर मी हा असाच.

१७ जून

दया एकटी गेली वर्गाला. मी पंप उघडून बसलो. जोडला नाही.

१९ जून

सांगितलं. ती वर्गाहून आली होती, चटई कोपऱ्यात ठेवत होती. रडली नाही.

म्हणाली, "चाक आवाज करतंय, हे त्यानं मला सांगितलं होतं. पप्पांना दाखवून येतो म्हणत होता. मीच म्हटलं — ते कामात आहेत, तू नीघ."