बॅनरवरची तारीख

आई,

तुझं हे नेहमीचंच. मला न विचारता माझ्या फुटबॉलच्या शंभराव्या सामन्याचा कागदी बॅनर छापून मोकळी झालीस, वर तेवीस ऑगस्ट ही तारीखही टाकलीस. खाणीतला मुकादम सप्टेंबरपर्यंत सुट्टी देत नाही, हे फोनवर किती वेळा सांगितलं?

क्लबातल्या टेसने फोटो पाठवलाय. क्लबच्या भिंतीवर माझं तोंड केवढं मोठं दिसतंय. संघातल्या डार्सीचा निरोप आलाय, "नव्व्याण्णव सामन्यांवर पळालास लेका, आता तुझ्या बॅनरमधून मीच धावत जातो." त्याला सांग, बॅनरवर ज्याचं नाव, त्यानेच सामन्याआधी तो फाडत मैदानात धावायचं असतं.

शनिवारी दुपारी इथे डंपर चालवताना वाटतं, आत्ता पोरं मैदानात उतरली असतील. माझी सतरा नंबरची जर्सी कोणाला दिली, ते मात्र कळवू नकोस. गुडघा आता बरा आहे, क्वचितच सुजतो. बाबांचा खोकला थांबला का?

सुट्टी मिळेपर्यंत हा मोसम संपलेला असेल, पुढच्या मोसमात येईन म्हणतो. तोवर तो भिंतीवरचा बॅनर उतरव, नाहीतर लोक विचारत राहतील.

तुझाच,
ब्रॉडी

ता. क. नवा छापून घे. फोटो तोच राहू दे, फक्त तारखेची जागा कोरी ठेव. त्यासाठी एकशे ऐंशी डॉलर पाठवतोय.