काकूचं खमीर आणि काकांची टोपी

३ मार्च
चि. ठमे हिस,
अ. उ. आ.

तुझ्या काकाने घोळ घातला आहे. बेकरीतली खमिराची बरणी कळकट दिसली म्हणून उकळत्या पाण्याने लख्ख धुतली. काकूने लग्नाआधीपासून जपलेलं खमीर गं! बाजारच्या यीस्टचा पाव विकायला ती तयार नाही. बेकरीला कुलूप, तिच्या तोंडालाही. मांजराशी बोलते, माझ्याशी नाही. तू यीस्टवरच डॉक्टरेट करतेस ना? मग वाचव मला.

घरातच वाळीत पडलेला,
तुझा काका


१० मार्च
ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी पोट धरून हसले, मग काकूसाठी वाईट वाटलं. यीस्ट म्हणजे एका पेशीचे जीव. पेशीला बारीकसा फुगवटा येतो, तो वाढून सुटा होतो, की झाली दुसरी! गोड दिसलं की यांचा मुक्काम पडलाच. द्राक्षाच्या सालीवर, फुलातल्या मधात, झाडाच्या पाझरत्या रसात, अहो, गांधीलमाशीच्या पोटातसुद्धा. त्यांतून नवं खमीर होईल, पण चव काकूची नसेल. तिचंच हवं तर वाळलेली कणीक शोधा. तिच्यात यीस्ट निपचित पडून तग धरतं. तुमच्या फडक्यातून वाचलेली एखादी जागा असेलच की!

काकूला नमस्कार सांगा, मांजरामार्फत का होईना.

तुमची,
ठमी


१६ मार्च
चि. ठमे हिस,
अ. उ. आ.

परात, फळ्या, भट्टीमागची भिंत, सगळं चकाचक! स्वतःच्या स्वच्छतेला इतक्या शिव्या कधी दिल्या नव्हत्या. शेवटी डोक्याला हात लावून बसलो, तर हाताला काहीतरी खरखरीत लागलं. टोपी! काकूने विणलेली, लोकरीची; आटेल या भीतीने मी ती कधी धुतलीच नाही. रोज सकाळी कणीक मळता मळता काकू तशाच बरबटल्या हातांनी ती सारखी करायची. काठाला कणकेची खपली धरली आहे. हल्ली टोपी वाकडीच असते, कुणी हात लावत नाही. फार चुकल्यासारखं होतं गं.

टोपी सोबत पाठवतो आहे. जपून वापर.

तुझा बोडका काका


२ एप्रिल
चि. ठमे हिस,
अ. उ. आ.

टोपीच्या खपलीतून जागवलेल्या खमिराची तुझी बाटली पोचली. झाकण उघडलं आणि ओळखीचा वास आला, मी तिथेच रडले. पीठ घातलं तर दुसऱ्या दिवशी खमीर बरणीबाहेर! काल बेकरी उघडली. पाव तोच, अगदी तोच. त्यात लोकर लागत नाही ना, असं तुझे काका सारखे विचारत होते. मी मांजराला सांगितलं, नाही म्हणून.

टोपी न धुता परत पाठवलीस, शहाणी माझी. आज सकाळी ती मुद्दाम वाकडी घालून स्वारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी कणकेच्या हातांनीच सारखी केली.

माया आहेच, ती अशीच फुगत राहो.

तुझी,
काकू