आपल्या हिरीचं पाणी

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. जिवंतपणी तुम्ही भांडू दिलं नाहीत.

गावच्या आडावर आजीला, तुमच्या आईला, दुसऱ्याने वरून ओतलेलं पाणी घ्यावं लागे. दोराला हात लावायचा नाही. म्हणून तुम्ही शेवगाव रस्त्याच्या आपल्या तुकड्यात मुरूम फोडून विहीर पाडलीत. तिचा अभिमान मलाही होता. पण पुढे संडास बांधलात तो तिच्या वरच्या अंगाला, आणि पावसाळ्यात खड्ड्यातली घाण पाण्यात झिरपली. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी तपासणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं, ते दुसऱ्या दिवशी काळं पडलं. "आबा, काळं म्हणजे पाण्यात घाण आहे, उकळल्याशिवाय पिऊ नका," त्या म्हणाल्या. तुम्ही बाटली भिरकावलीत. "आमी शिवलेलं पानी बाटतच हुतं, आता आमची हीरबी बाटवा!"

वहिनीला सातवा महिना होता. तिने चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं, तर तुम्ही ते अंगणात उपडं केलंत. "माझ्या हिरीचं पानी या घरात उकळायचं न्हाई." ती रिकामं पातेलं उचलून आत गेली. पुढे तिचे डोळे पिवळे झाले. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" भाऊ तुमच्याकडे बघत राहिला, तुम्ही भिंतीकडे. ती गेली, पोटातलं बाळही गेलं. आणि तुम्ही घरी येऊन सगळ्यांदेखत त्याच विहिरीचं पाणी तांब्याने घटाघटा प्यायलात. शेवटपर्यंत तसंच पीत राहिलात. ती स्वतःला शिक्षा होती की हट्ट, मला आजही कळत नाही. ज्यांनी आपल्याला पाण्यापासून लांब ठेवलं, त्यांचा राग तुम्ही त्या पोरीच्या पातेल्यावर का काढलात?

यंदा भावाने आणि मी संडासाचा तो खड्डा उपसून बुजवला आणि नवा खालच्या उताराला, लांब घेतला. विहिरीचा कठडा उंच केला, भोवती सिमेंटचा ओटा घातला, मोटार लावून पाणी उपसलं. नवं पाणी आल्यावर बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली, गाळ बसू दिला, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडलं. या वेळी बाटली काळी पडली नाही. भाऊ कठड्याला टेकून म्हणाला, "येवढंच करायचं हुतं गं, ताई." आणि हमसून रडला. एवढंच, आबा!

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. ठेवत नाही, भावाच्या हाती लागेल. तो तुमचं नाव काढत नाही. आणि कधी काढलंच, तर मी अजून तुमचीच बाजू घेते.