माळ्यावरची घागर

१२ जानेवारी
आजपासून घर हलकं करायचं. निर्णय पक्का. सकाळीच कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं: वस्तू सोडा, माणसं धरा. अंगठे भरपूर आले. बायकोचा, दानेश्वरीचा आला नाही. ती म्हणाली, माळ्यावर माझ्या अव्वानं दिलेलं हाय, मला विचारल्याबिगार कशाला हात लावायचा न्हाय.
अव्वा म्हणजे तिची आई. विचारलं की भावना मध्ये येतात. म्हणून विचारायचं नाही.

१९ जानेवारी
जोरदार प्रोग्रेस. तिच्या जुन्या साड्या, शिवणाची मशीन, लेकीचा, मोनाचा पाळणा, सगळं गेलं. टेम्पो वळेपर्यंत दानेश्वरी गेटपाशी उभी होती. मला जरा कसंतरीच झालं. चहा घेतला, बरं वाटलं.
माझंही काढणार होतो. पण तालमीच्या मंडळाची शील्ड म्हणजे इतिहास. मोबाईलचे रिकामे खोके ठेवले, विकताना लागतात. मोबाईल आता नाहीत, ते वेगळं.

२ फेब्रुवारी
मेव्हण्याच्या, प्रभुलिंगच्या नव्या घराची शुक्रवारी वास्तुशांत, नेसरीला. दानेश्वरी मदतीला आधीच गेली. जाताना म्हणाली, आहेर नीट आणा, माझ्या माहेरात मला मान खाली घालाय लावू नका.
नवीन काही विकत घेणं आता तत्त्वात बसत नाही.

४ फेब्रुवारी
माळ्यावर कोपऱ्यात तांब्याची घागर सापडली. काळीकुट्ट. अव्वांची असेल का, असा विचार आला. पण अव्वांची असती तर हिनं इतकी काळी पडू दिली असती का? म्हणजे नसणार.
भांड्यांच्या दुकानात पॉलिशला टाकली. कागदात गुंडाळून रिबन पण तिथंच बांधून घेणार. रिकाम्या जागेत खोके मस्त बसले.

७ फेब्रुवारी, सकाळी
नेसरी. मांडव गच्च. शेजारचे बाळासो माईकवर आहेर पुकारतात. भांड्यावर नाव घातलेलं असतं, ते बघून वाचायचं. माझ्या घागरीवर नाव नाही, तोंडानं सांगावं लागेल. पुढच्याच खुर्चीत बसलोय.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी
लिहूच नये असं वाटतंय.
नाव होतं. काळपटाखाली झाकलेलं, पॉलिशनं वर आलं. बाळासोंनी कागद काढून अख्ख्या मांडवाला वाचून दाखवलं: चि. दानेश्वरीस लग्नाचा आहेर, शांतव्वा नागाप्पा, नेसरी. मग माईकवरच म्हणाले, ओ पावणं, ही तर हितनंच गेलेली हाय की.
हशा. दानेश्वरी हसली नाही. तिनं खाली बघितलं.
तेवढ्यात अव्वा उठल्या. घागर पदरानं पुसली आणि म्हणाल्या, हसाय काय झालं? नव्या घरात पयलं पाणी माझ्याच घागरीनं न्यायचं म्हणून मीच जावयाकडनं मागवलीती.
म्हातारी धडधडीत खोटं बोलली. माझ्यासाठी. आणि मी मान हलवून व्हय म्हणालो.

८ फेब्रुवारी
एकटाच परत आलो. दानेश्वरी राहिली. कारण विचारलं नाही. तसं बघितलं तर घागर योग्य वेळी योग्य ठिकाणी पोचली.
छे. हे वाचून मलाच लाज वाटते.

११ फेब्रुवारी
माफी मागायला अव्वांना फोन लावला. ऊस तुटला का, एवढंच विचारून ठेवला.
घर अगदी हलकं झालंय. बोललं की घुमतं.

१६ फेब्रुवारी
दानेश्वरी आली. घागर नेसरीपासून एसटीत मांडीवर धरून आणली म्हणे. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. अव्वांचा निरोप सांगितला, जावयास्नी म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. मग घागर पुढं करून म्हणाली, हिच्या जागेवर ठेवा.
शिडी लावून वर गेलो. हिच्या जागेवर माझे मोबाईलचे खोके. नीट रचलेले, वर शील्ड.
मी वरच बसून राहिलो. ती खाली घागर धरून उभी. तिनं विचारलं, काय झालं?
जागा नाही, असं मला सांगावं लागलं.