काकडीच्या वाफ्याबद्दल

मी, लेओकादिया मार्चिशिन, वय त्र्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, ओल्शिनेक गावातल्या सतरा नंबरच्या घरात राहणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे.

एक. घर माझा भाचा सेवेरिन याला. युद्धानंतर सीमा बदलल्या आणि १९४६ साली आम्हाला पूर्वेकडून आणून इथे उतरवलं, तेव्हा घरातली जर्मन माणसं नुकतीच हाकलली होती. ती परत येतील या भीतीने बाबांनी वीस वर्षं छप्पर दुरुस्त केलं नाही. "दुसऱ्याच्या घराला खिळा कशाला ठोकू?" म्हणायचे.

दोन. शिवणयंत्र शेजारीण गेनोवेफाला. १९८१ साली नेलेली माझी चाळण तिने आधी परत करावी.

तीन. परसातला काकडीचा वाफा. गेल्या मंगळवारी विटांची जुनी शेगडी फोडली, तर आत बिस्किटांच्या डब्यात नऊ जर्मन पत्रं. बाबा युद्धात जर्मन शेतकऱ्याकडे वेठीला होते, त्यांना भाषा येत होती. मला गावच्या चर्चमधल्या फादरनी वाचून दाखवली. सगळी आमच्याआधी या घरात राहणाऱ्या हेर्टा लिंडनर या बाईंची. त्यांची चार वर्षांची लीसा ४६च्या हिवाळ्यात तापाने गेली. साथीमुळे दफनभूमीकडे जायला बंदी, म्हणून परसात, नासपतीच्या झाडाखाली पुरली. "घर नको. सर्व संतांच्या दिवशी तिथे एक मेणबत्ती लावाल का?"

ते झाड बाबांनी तोडलं आणि तिथे काकडी लावली. अठ्ठ्याहत्तर वर्षं आम्ही त्या काकड्या खाल्ल्या, खारवल्या, पाहुण्यांना बरण्या भरून दिल्या. बाबा, कसं केलंत हो हे?

सेवेरिनला तिथे गाडीसाठी काँक्रीट ओतायचं आहे.

"अगं आत्या, त्या पोरीचं आता काय उरलं असणार?"

"नाव उरलंय, गाढवा!"

काँक्रीट पडलं, तर घर गावच्या अग्निशमन दलाला.

चार. गावाची बखर शाळेला. एक्केचाळीस वर्षं मीच लिहिली. पहिल्या पानावर आहे, 'गावातली पहिली कबर, १९४७.' जणू आमच्याआधी इथे कोणी मेलंच नाही! ते खोडून मी लीसाचं नाव आणि वाफ्याची हकीकत लिहिली आहे. मात्र लीसाची बहीण जिवंत असेपर्यंत ते पान तिला कोणी वाचून दाखवू नये. कारण पुढे लिहिते.

काल फादरनी पत्रांवरच्या पत्त्यावरून शोध घेऊन त्या बहिणीला, रोझविताबाईंना, फोन लावला. त्या शहाऐंशीच्या. मी माफी मागायला सांगितलं होतं.

"माफी कसली?" त्या म्हणाल्या. "तुमच्या वडिलांचं उत्तर आलं होतं की, ६३ साली! कबर नीट आहे, दर वर्षी मेणबत्ती लावतो, फक्त पुन्हा लिहू नका, इथे चौकशी होते. आईने ते पत्र उशाखाली ठेवलं होतं. शवपेटीत निजवताना आम्ही तिच्या हातात दिलं."

मग त्यांनी विचारलं, मेणबत्ती अजूनही लावता ना? फादरनी फोनवर हात ठेवला. "लेओकादियाबाई, काय सांगू?"

"सांगा, हो. लावतो."

पाच. रोझविताबाई एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, येत आहेत. बाबांचं खोटं निभावायला माझ्याकडे पंधरा दिवस आहेत. वाफा मी उपसला आहे, क्रूस सुताराकडे आहे. तोवर मी मेले, तर सेवेरिन, मेणबत्ती तू लाव. एक नको, बऱ्याच लाव. जुनं मेण सांडलेलं दिसलं पाहिजे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथल्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत, आमच्या गावाला लागतात:
गेनोवेफा शिद्लाक
फादर तिमोतेउश

लेओकादिया मार्चिशिन
ओल्शिनेक, १७ ऑक्टोबर २०२४